खांद्याचा नंबर

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, बिदर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर चनबसप्पा बिरादार या कारकुनाने एका बाईचा दुखरा खांदा रजिस्टरात नोंदवला आणि तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न अडवलं.

चनबसप्पांना चनबसप्पा म्हणणारं माणूस गावात उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना नंबरअप्पा म्हणत. मी त्या काळात हैदराबादच्या एका मराठी साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या धाडत असे. आठवड्याचे जन्म, मृत्यू, पटकी, देवी असे आकडे घ्यायला मला दर गुरुवारी त्यांच्या खिडकीवर जावं लागे. त्यामुळे पुढची हकीकत बरीचशी डोळ्यांनी पाहिलेली आहे. जी पाहिलेली नाही ती रजिस्टरात आहे.

निजामाच्या अमलात दवाखान्याचं रजिस्टर उर्दूत असे आणि रोगांची नावं मोजकी असत. बुखार, खांसी, पेट का दर्द. मूल न झालेल्या बाईपुढे एकच शब्द असे, बांझ. पोलीस ॲक्शन झाली, अंमल बदलला, आणि तीनेक वर्षांनी हैदराबादहून दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली. जगातल्या प्रत्येक रोगाला त्यांत एकेक नंबर दिलेला होता. सोबतच्या हुकुमात लिहिलं होतं की इथून पुढे रोगाच्या नावासमोर नंबर लिहावा. बाकीच्या कारकुनांनी ती पुस्तकं पाहिली आणि पाण्याच्या माठाखाली ठेवायला ती बरोबर उंचीची आहेत, असं मत दिलं. नंबरअप्पांनी ती घरी नेली, बायकोच्या जुन्या इरकलीचा तुकडा कापून त्यांना कव्हर शिवलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही भाग पाठ केले.

त्यानंतर त्यांच्या जगात माणसं राहिली नाहीत. मूळव्याधीने बेजार असलेले हेडक्लार्क चारशे एकसष्ट झाले. ऐंशी वर्षांचे सासरे सातशे चौऱ्याण्णव झाले, कारण पुस्तकात नुसत्या म्हातारपणालाही नंबर होता. मला बारमाही सर्दी असल्यामुळे मी चारशे सत्तर. एकदा मी विचारलं की माझ्यात याहून भारी काही नाही का, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही साधे आहात."

त्यांचा सगळ्यात आवडता नंबर सातशे पंच्याण्णव. ज्याचं कारण कळत नाही त्या रोगासाठी तो राखून ठेवलेला होता. नंबरअप्पा तो कुठेही वापरत. गुलबर्ग्याची मोटार उशिरा का आली, तर सातशे पंच्याण्णव. तहसीलदार आज हसले कामून, तर सातशे पंच्याण्णव. मेहुण्याचं लग्न ठरत का नाही, यालाही तोच.

दुसरा नाद प्रश्नाचा होता. खिडकीवर आलेल्या माणसाला चिठ्ठी देण्याआधी ते विचारत, "अजून काय दुखायलंय?" हा प्रश्न एकदा विचारून ते थांबत नसत. माणूस "काही न्हाई" म्हणेपर्यंत विचारत, आणि "काही न्हाई" म्हटल्यावर विश्वास बसत नसल्यामुळे आणखी एकदा विचारत. पायात काटा मोडलेला माणूस चार दुखणी घेऊन घरी जाई. तहसिलीचा शिपाई टपाल द्यायला आला तरी गुडघा नोंदवल्याशिवाय सुटत नसे. हुलसूरच्या एका शेतकऱ्याने वैतागून सांगितलं की मी ठणठणीत आहे, माझ्या बैलाचा पाय दुखतोय. नंबरअप्पांनी खरोखर पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं चाळून ते खिन्न आवाजात म्हणाले, "बैलानं मारलं तर नंबर हाय. बैलाला लागलं तर न्हाई."

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला समजत नसे. रोज सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या पत्नी शांतक्का मागच्या क्वार्टरमधून झाकलेला तांब्या घेऊन येत. त्यात काळपट काढा असे. त्याचा वास खिडकीबाहेरच्या रांगेपर्यंत येई आणि रांग आपोआप दोन पावलं मागे सरके. नंबरअप्पा लेखणी खाली ठेवत, डोळे मिटत आणि एका दमात तो पीत. शांतक्का तांब्यात वाकून बघत आणि मगच जात. हा कशावरचा उपाय, असं मी एकदा विचारलं. ते तोंड पुसत म्हणाले, "सातशे पंच्याण्णव."

आता आणखी चार नंबरांकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

जुन्या रजिस्टरातल्या 'बांझ' या एका शब्दाच्या नव्या पुस्तकाने चार खोल्या केल्या होत्या. बाईच्या पोटात गर्भाशयापासून दोन्ही बाजूंना दोन बारीक नळ्या जातात. बीज त्यांतून येतं. त्या नळ्यांना नवी सूज असेल तर सहाशे बावीस. जुनी असेल तर तेवीस. नवी का जुनी ते सांगता येत नसेल तर चोवीस. आणि मूल होत नाही एवढंच माहीत असेल तर सहाशे छत्तीस. नंबरअप्पांना या व्यवस्थेचं इतकं कौतुक होतं की ते लोकांना थांबवून सांगत. मात्र चोवीस नंबरावर त्यांचा राग होता. चोवीस म्हणजे डॉक्टरचा आळस, असं ते म्हणत.

गुलबर्ग्याहून दर गुरुवारी एक डॉक्टरीणबाई येत. त्यांनी कागदावर नुसतं 'नळ्यांना सूज' लिहिलं की नंबरअप्पा तो कागद घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहत.

"बाई, सूज नवी का जुनी?"

"मी आत जाऊन बघितलं नाही, अप्पा."

"मग मी विचारून येतो."

आणि ते खरंच विचारत. खिडकीशी खुर्ची आडवी करून, बाईकडे पाठ आणि तोंड रजिस्टराकडे करून बसत. पोटात पहिल्यांदा कधी दुखलं, ताप किती दिवस होता, बाळंतपण बिघडलं होतं का. ज्या बायका डॉक्टरीणबाईंसमोर तोंड उघडत नसत, त्या या पाठीशी भडाभडा बोलत. अप्पा कागद घेऊन परत जात आणि सांगत, "तेवीस हाय बाई. तीन दिवाळ्यांमागचा ताप हाय." डॉक्टरीणबाई आधी चिडत. पुढे पुढे त्यांनी कागदावर ती जागाच कोरी ठेवायला सुरुवात केली.

नळ्या बंद आहेत का हे पाहण्याचं यंत्र त्या गुलबर्ग्याहून लाकडी पेटीतून आणत. खालच्या वाटेने गर्भाशयात थोडा वायू सोडायचा. पेटीतला पारा चढत जातो. नळ्या खुल्या असतील तर वायू त्यांतून पोटात निघून जातो, पारा उतरतो, आणि पोटावर डॉक्टरांची कानातली नळी लावली की हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येते. पारा चढून वरच राहिला तर नळ्या बंद.

त्या गुरुवारी हुलसूरची सुंदरा आली होती. वय चोवीस-पंचवीस, लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. बरोबर नवरा माणिकराव आणि सासू. घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगी राजेश्वर गावची होती. तिच्या बापाने एकच अट घातली होती. पहिलीला कधीच मूल होणार नाही असा सरकारी दवाखान्याचा कागद दाखवा, म्हणजे उद्या तिला झालं आणि माझी पोरगी मोलकरीण झाली, असं होणार नाही. आमच्या भागात तेव्हा असा कागद मागायची पद्धत पडली होती. कागद मिळाला की सुंदराची रवानगी माहेरी होणार, हे सासूने रांगेतल्या चार बायकांना तिच्यादेखत सांगून टाकलं होतं.

तपासणी झाली. सासू शेजारीच उभी होती. पारा दोनशेपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं, 'बंद' लिहून सही केली आणि मोटार गाठायला गेल्या. सुंदराला तासभर खाटेवर पडून राहायला सांगितलं होतं. तास झाल्यावर ती उठली आणि तिघं खिडकीवर आली.

नंबरअप्पांनी कागद तयार ठेवला होता. त्यांनी तो खिडकीतून अर्धा बाहेर काढला. माणिकरावांनी दुसरं टोक धरलं.

"अजून काय दुखायलंय?"

"काही न्हाई," सासू म्हणाली.

"तुम्हाला न्हाई विचारलं, अक्का."

सुंदरा खाली बघत होती. तिचा हात उजव्या खांद्यावर होता. ती म्हणाली, "खांदा दुखायलाय. उठून बसल्यापासून."

सासूने सांगितलं की सून पहिल्यापासून नाटकी आहे, घागर उचलायची म्हटली की तिला असंच होतं. पण तोवर नंबरअप्पांनी लेखणी उचलली होती. आणि लेखणी उचलायची तर त्यांना कागद परत ओढावा लागला. माणिकरावांच्या हातात एक कोपरा राहिला.

हातापायांच्या दुखण्याचा नंबर सातशे सत्त्याऐंशी. तो त्यांनी सुंदराच्या नावापुढे लिहिला, आणि तिथेच अडचण झाली. एका माणसाचे सगळे नंबर एकाच सहीखाली गेले पाहिजेत हा त्यांचा नियम होता. पहिल्या नंबरावर डॉक्टरीणबाईंची सही होती, दुसऱ्यावर नव्हती, आणि सही करणारा हात आता मोटारीत बसलेला होता.

"पुढच्या गुरुवारी या," नंबरअप्पा म्हणाले.

"खांद्यापायी कागद अडवायलात व्हय?"

"खांद्याचा बी नंबर लागतो."

पुढचा आठवडा गावाने या खांद्यावर काढला. माणिकरावांनी मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे तक्रार नेली. साहेब जुन्या अमलातले, दख्खनी बोलणारे आणि भांडणाचा कंटाळा असलेले होते. ते खिडकीवर आले आणि म्हणाले, "अरे बाबा, कंधे का क्या है, देदेव ना." नंबरअप्पा उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "साब, लिख्या सो मिटता नइं." साहेब परत गेले. हेडक्लार्कांनी समजावून पाहिलं. चारशे एकसष्टांनी या कामात पडू नये, असं त्यांना सांगण्यात आलं. बाजारात लोक एकमेकांना भेटले की खांदा दाखवू लागले. माझ्या संपादकांनी या बातमीला तीन ओळी दिल्या आणि त्यातली खांद्याची ओळ जागेअभावी कापली.

गुरुवारी तिघं पुन्हा आली. डॉक्टरीणबाई सही करायला रजिस्टर पुढे ओढून वाचू लागल्या. 'उजवा खांदा. उठून बसल्यापासून.' त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हे कोणी लिहिलं?"

नंबरअप्पांना वाटलं, चूक झाली. ते म्हणाले की नंबर सातशे सत्त्याऐंशीच आहे, दोनदा पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी सुंदराला बोलावून विचारलं. झोपली असताना दुखत नव्हता, बसल्यावर दुखू लागला, दुसऱ्या दिवशी थांबला. मग त्यांनी आम्हाला समजावलं. पोटात शिरलेला वायू माणूस उठून बसलं की वर चढतो आणि छातीखालच्या पडद्याला टेकतो. त्या पडद्याची कळ खांद्यात निघते. पण वायू पोटात शिरायला वाट एकच आहे. नळी. नळी बंद असती तर खांदा दुखला नसता. बाई घाबरली की नळी आवळून बसते, पारा चढतो, आणि शेवटच्या घटकेला ती सैल पडली तर यंत्रावरून कळत नाही.

तपासणी पुन्हा केली. या वेळी सासूला व्हरांड्यात बसवलं आणि सुंदराला आधी अर्धा तास नुसतं पडू दिलं. पारा नव्वदच्या आसपास गेला आणि खाली आला. गुडगुड दोन्ही बाजूंना ऐकू आली. डॉक्टरीणबाईंनी नवा कागद लिहिला, 'दोन्ही नळ्या खुल्या'. नंबरअप्पांनी जुनी नोंद खोडली नाही. खाली नवी ओळ घातली आणि शेऱ्यात लिहिलं, 'आधीची नोंद अपुरी होती.'

हा कागद माणिकरावांच्या उपयोगाचा नव्हता. ते खिडकीवर आले तेव्हा रांग वाढलेली होती आणि एरवी मागे असणारी माणसंही पुढे सरकली होती.

"मग पोर कामून होईना?" त्यांनी विचारलं.

नंबरअप्पांनी पुस्तक उघडलं. हे पान त्यांना पाठ होतं, तरी उघडलं. "सहाशे सोळा बघावं लागंल."

"ते काय?"

"ते पुरुषाचं हाय. सहाशे छत्तीस बाईचं, सोळा बाप्याचं. एका दिवसाची तपासणी. वायूबियू काही न्हाई."

रांगेत कोणीतरी खोकलं. माणिकरावांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले की पुरुषाला असला नंबर कधी ऐकलेला नाही. या गावात, या तालुक्यात, आजवर एका तरी मर्दाने तो लिहून घेतलाय का, नाव सांगा.

नंबरअप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हाय एक."

"कोण?"

"मी. बघा, मिशी गळाली का माझी?"

रांग हसली नाही. माणिकराव थोडा वेळ त्या मिशीकडे बघत राहिले. ती भरघोस होती. मग ते विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत, त्यानंतरच्याही नाही. राजेश्वरच्या मुलीच्या बापाने कागदाची वाट पाहून मुलगी भालकीकडे दिली. सुंदरा हुलसूरलाच राहिली. पुढे तिला मूल झालं की नाही, ते मला खात्रीने सांगता येत नाही. बाजाराच्या दिवशी ती कधीमधी खिडकीवर येई. दुखत काही नसे. पण प्रश्न येणार हे माहीत असल्यामुळे ती एक गुडघा ठरवून येई आणि नंबरअप्पा तो मन लावून लिहीत.

त्या दिवसानंतर मला तांब्याचा उलगडा झाला. शांतक्कांनी तो पुढे माझ्या आईजवळ स्वतःच केला. त्यांची सासू त्यांना काही वर्षं फार बोलत असे. मग दवाखान्यात नवं पुस्तक आलं, नळ्यांची तपासणी झाली आणि ह्यांनी घरी येऊन सांगितलं की तुझं सगळं ठीक आहे, दोष माझ्यात निघाला, नंबर लागलाय. सासूला कागद दाखवला. त्या दिवसापासून घरात कोणी शांतक्कांना बोललं नाही. भालकीच्या एका वैद्याने काढा दिला. "कडू जहर हाय," शांतक्का म्हणाल्या, "पन बिचारे एक दिवस चुकवत न्हाईत. त्यांना किती वाटत असंल, माझ्यामुळं हिला लेकरू न्हाई म्हणून. मी काही बोलत न्हाई. गूळ जास्त घालते."

छप्पन सालच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य संपलं आणि आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. दवाखान्याची रजिस्टरं मोजून, यादी करून नव्या अमलाच्या ताब्यात द्यायची होती. नंबरअप्पांची बदली गुलबर्ग्याला झाली होती. यादीला हात कमी पडत होते, म्हणून एके सकाळी ते मला म्हणाले, तुमचं अक्षर बरं आहे, बसा. सातशे पंच्याण्णव किती निघतात ते मोजून ठेवावं अशी त्यांची स्वतःची एक इच्छा होती, सरकारला त्याची गरज नव्हती. मी एका टोकाकडून रजिस्टरं घेतली, ते दुसऱ्या टोकाकडून. पहिलं रजिस्टर मी बघतो, असं ते मधेच म्हणाले. पण ते रजिस्टर तेव्हा माझ्यासमोर उघडं होतं.

नव्या पुस्तकाप्रमाणे नंबर घालायला सुरुवात झाली त्या महिन्याचं ते पान होतं. अक्षर नंबरअप्पांचं. एका ओळीत नाव होतं, शांताबाई चनबसप्पा. नंबर, सहाशे तेवीस. तपासणीच्या रकान्यात, 'दोन्ही नळ्या बंद, जुनी सूज, पारा दोनशे, तीन वेळा.' सहीच्या रकान्यात त्या वेळच्या डॉक्टरीणबाईंची सही होती. त्या पुढे हैदराबादला बदलून गेल्या.

त्याखालची ओळ चनबसप्पा बिरादार यांची होती. नंबर, सहाशे सोळा. तपासणीचा रकाना कोरा होता. सहीचा रकानाही कोरा होता. त्यांच्या हातच्या चौदांपैकी माझ्या वाट्याच्या रजिस्टरांत बिनसहीचा नंबर मला दुसरा सापडला नाही.

मी पान उलटलं आणि सातशे पंच्याण्णव मोजू लागलो. नंबरअप्पांनी मान वर केली नाही.

अकरा वाजता शांतक्का तांब्या घेऊन आल्या. नंबरअप्पांनी लेखणी खाली ठेवली, डोळे मिटले आणि एका दमात काढा प्यायला. शांतक्कांनी तांब्यात वाकून पाहिलं. तो रिकामा होता.